दशमीला निघायचं : आक्षी ते देवबाग, किनारपक्ष्यांच्या मागावर

किनारपक्षी, म्हणजे चिखलात आणि ओल्या वाळूवर चरणारे पक्षी, बघायला निघायचं तर कॅलेंडरात रविवार शोधू नये, तिथी शोधावी. कोकणातले जुने कोळी तिथीला तीनाने गुणतात, चाराने भागतात आणि भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा : म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, पुनवेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते, म्हणून त्या त्या बंदराचा छापील तक्ता जवळ हवाच. पण निघायचा दिवस ठरवायला एवढं गणित पुरतं.

दशमीच का, तर कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीशी असतं आणि पक्ष्याच्या पायाचा रंगसुद्धा दिसतो. दुपारनंतर तेच ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं आणि चिखल्या (प्लोव्हर) काय, टिलवा (स्टिंट) काय, सगळे काळे ठिपके होतात. त्यात दहाच्या पुढे तापलेल्या वाळूवर हवा थरथरू लागते. मग साठ पट मोठं दाखवणारा स्कोपही कुचकामी, उलट वीस-पंचवीस पटीवरच चित्र बरं दिसतं. तेव्हा भरती सकाळी हवी. शुद्ध किंवा वद्य दशमीपासून पुनव-अमावास्येपर्यंत ती साडेसातपासून दिवसाला पाऊण तासाने पुढे सरकत जाते आणि आपणही किनाऱ्याने दक्षिणेला सरकत जातो. पहिल्या दिवशी भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी, शेवटच्या दिवशी उधाण.

भरतीच का, हेही सांगायला हवं. ओहोटीला हे पक्षी चरायला मैलोनमैल पांगतात, मोजणी अशक्य. भरतीने चिखल आणि ओली वाळू झाकली की सगळे एखाद्या कोरड्या, मोकळ्या, चहूबाजूंनी नजर जाईल अशा जागी दाटीने बसतात. या भरतीच्या बैठकी या फेरीचा खरा विषय आहेत. किनारपक्ष्यांचं खाणं कमी झालं, हे आपण ऐकतो. बसायला जागा उरली नाही, हे फारसं कोणी बोलत नाही.

महिना मार्चचा पहिला पंधरवडा. हिवाळी पक्षी अजून आहेत, निघायच्या तयारीचे अंगावर चरबी चढवत आहेत आणि काहींचे छातीचे रंग बदलू लागले आहेत.

पहिला दिवस, दशमी : आक्षी आणि रेवदंडा

अलिबागहून आक्षी अगदी जवळ. सुरूच्या बनातून पुळणीवर उतरायचं ते फटफटायच्या वेळी, साडेसहाच्या आत. इथली वाळू बारीक, घट्ट आणि उतार इतका कमी की ओहोटीला पाणी लांबवर जातं. दशमीचं पाणी भांगातून नुकतंच सावरत असतं, त्यामुळे भर भरतीतही वर कोरड्या वाळूची रुंद पट्टी उरते. पक्षी त्या पट्टीच्या खालच्या काठाला, वाऱ्याकडे तोंड करून, बहुतेक एका पायावर.

इथली मुख्य गर्दी चिखल्यांची. लहान सँड प्लोव्हरचे आता दोन जातींत भाग केले आहेत, सैबेरियन आणि तिबेटी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुख्यतः तिबेटी, म्हणजे लडाख, तिबेट, पामीरच्या पठारांवर वीण करणारे. त्यांच्यातच मोठा सँड प्लोव्हर मिसळलेला असतो. उंची बघून ओळखायला जाऊ नये, बसलेल्या थव्यात फसगत होते. चोच बघावी : चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा चोच लांब असेल तर मोठा, तेवढीच किंवा आखूड असेल तर लहान. मोठ्याचे पाय फिकट हिरवट-पिवळे, लहानाचे काळपट. पण ओल्या वाळूचा चिखल लागला की पायांवर विसंबता येत नाही. मोठा सँड प्लोव्हर मध्य आशियाच्या वाळवंटी प्रदेशात लवकर विणीला लागतो, म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच त्याची छाती नारिंगी होते आणि तो आधी निघतो. मानेमागे पूर्ण पांढरी कॉलर दिसली तर तो केंटिश चिखल्या, वरच्या दोघांना ती नसते.

लाटेच्या मागे धावणारे, लाट आली की पळणारे फिकट पक्षी ते सँडरलिंग. त्यांना मागचं बोट नसतं. कर्ल्यू सँडपायपर आणि डनलिन यांच्यात घोळ होतो तेव्हा उडण्याची वाट बघावी : शेपटीवरचा भाग पांढराशुभ्र असेल तर कर्ल्यू सँडपायपर. ग्रे प्लोव्हर उडाला की काखेत काळा डाग दिसतो. ही नावं आता नीट लिहून घ्यायला हवीत, कारण ऑक्टोबर २०२४च्या आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत ग्रे प्लोव्हर आणि कर्ल्यू सँडपायपर 'असुरक्षित' गटात गेले, डनलिन आणि टर्नस्टोन 'संकटासमीप' गटात. ग्रे प्लोव्हर तर थेट 'चिंता नाही' या गटातून दोन पायऱ्या उतरला. 'आमच्याकडे भरपूर दिसतो' म्हणून ज्यांची नोंद कोणी आकड्यात करत नव्हतं, तेच हे पक्षी.

थव्याकडे सरळ चालत जाऊ नये. तिरकं जावं, पाण्याच्या रेषेला समांतर, मधेच थांबत. निजलेल्या माना वर आल्या, पक्षी दोन पावलं चालून थबकले, की तिथेच बसायचं. छोट्या पक्ष्यांना शंभर मीटर, कर्ल्यू-ऑयस्टरकॅचरना दोनशेच्या पुढे. स्कोप कमी उंचीवर लावून बसून बघितलं तर वाऱ्याने हलत नाही आणि पक्षीही लवकर स्थिरावतात.

मोजताना आधी एकूण, मग जाती. थव्यातले दहा पक्षी मोजून तेवढी जागा डोळ्यांत धरायची आणि त्या मापाने पुढे सरकायचं. शेकड्यांनी असतील तर पन्नासचं माप. मग स्कोपने थव्याच्या तीन-चार ठिकाणी शंभर-शंभर पक्षी जातवार मोजायचे आणि ते प्रमाण एकूण आकड्याला लावायचं. एकाच टोकाला मोजू नये, कारण जाती मिसळलेल्या दिसल्या तरी सँडरलिंग पाण्याकडे आणि चिखल्या वरच्या अंगाला असतात. दोघांनी वेगवेगळं मोजून मगच आकडे एकमेकांना सांगायचे. आधी सांगितलं की दुसऱ्याचा आकडा आपोआप पहिल्याजवळ जातो. नोंदीत वेळ, भरतीची स्थिती, वारा, आणि त्या अर्ध्या तासात किती माणसं, कुत्रे, गाड्या गेल्या तेही लिहायचं. पक्ष्यांच्या आकड्याइतकाच तो आकडा कामाचा.

साडेआठनंतर घोडागाड्या आणि चारचाकी बाइक सुरू होतात. थवा उठतो, समुद्रावर गिरकी घेतो, बसतो, पुन्हा उठतो. पन्नास-साठ ग्रॅमच्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाण चरबीतून फेडावं लागतं, आणि भरतीत ती भरून काढायला चरायची जागा पाण्याखाली असते. एप्रिलमध्ये सैबेरियाकडे निघणाऱ्यासाठी हा उधारीचा धंदा परवडणारा नाही.

दुपारी ओहोटीला रेवदंड्याजवळ कुंडलिकेची खाडी. पुलाच्या आसपास कडेने बघायचं, चिखलात उतरायचं नाही. गुडघाभर रुततो आणि आत कालवांच्या कडा असतात, पाय चिरतो. इथे वेगळी मंडळी : कर्ल्यू, व्हिम्ब्रेल, रेडशँक, वर वळलेल्या चोचीचा टेरेक सँडपायपर. खाडीच्या वरच्या अंगाला काही ठिकाणी खारबांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं आणि काही वर्षांत तिवरांनी ती जमीन व्यापली. कांदळवन वाढलं म्हणून आनंद होतो, तो रास्तही आहे; मासळीला आणि किनाऱ्याला त्याचा उपयोग आहेच. पण चिखल्या आणि टिलवे तिवरांच्या दाटीत चरत नाहीत. त्यांना उघडा चिखल लागतो. तेव्हा उत्साहाने उघड्या चिखलावर तिवरं लावण्याचे कार्यक्रम होतात, ते जागा बघून व्हावेत. तुटलेल्या कांदळवनाच्या जागी लावावीत, कधीच नव्हती तिथे नव्हे.

संध्याकाळी मुरुडवरून आगरदांडा, तिथून जेटीने (फेरीबोटीने) दिघी, मुक्काम दिवेआगर.

दुसरा दिवस, एकादशी : दिवेआगर ते आंजर्ले

भरती सव्वाआठच्या आसपास. दिवेआगरची पुळण लांब, सरळ, आणि मागे सुरू-केवड्याची रांग. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यात नारळी-पोफळीबरोबर सुरूही आडवे केले. मग पुन्हा लागवड झाली. सुरूचं बन वाळू धरतं हे खरं, पण ते भरतीरेषेला चिकटून लावलं की किनारपक्ष्यांची बैठक संपते. ससाणा झाडीआडून येतो. झाडापासून लांब, नजर मोकळी असेल तिथेच हे पक्षी बसतात. पुळण रुंद दिसते, पण झाडांची रांग आणि भरतीचं पाणी यांत पक्ष्याला मान्य होईल एवढं अंतर राहतंच असं नाही. दिवेआगरला म्हणून थवा वस्तीसमोर शोधू नये, दोन्ही टोकांना शोधावा.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर पटकन उरकायचं. हरिहरेश्वरचा खडक टर्नस्टोन आणि रीफ हेरनसाठी ठीक. बागमांडल्याहून वेसवीला जेटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेळास, केळशी. वेळासला मार्चात कासवांच्या पिल्लांसाठी गर्दी असते. पहाटेच्या त्या गर्दीत पुळणीवर पक्षी बघायचा हट्ट धरू नये. केळशीला भारजा नदीच्या मुखाशी दुपारच्या ओहोटीत थोडा वेळ.

तिसरा दिवस, द्वादशी : आंजर्ले, हर्णै, दाभोळ

फेरीतला माझ्या मते सगळ्यात शिकवणारा तुकडा आंजर्ल्याचा. जोग नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा तयार होतो आणि नदीच्या पाण्याप्रमाणे, पावसाळ्याप्रमाणे दरवर्षी आकार बदलतो. असे दांडे हीच दक्षिण कोकणातली बैठक. कारण उघड आहे : मुंबईकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, गोव्याकडे जाता जाता ते दोन मीटरच्या आसपास येतं. पाणी कमी हललं की उघडा पडणारा चिखलही कमी. उत्तरेकडच्यासारखी चिखलाची पठारं इथे नाहीत. जे आहे ते खाडीच्या मुखाशी आणि आत थोडं.

दांड्यावर पायी जाऊ नये, समोरच्या काठावरून स्कोपने बघावं. पक्ष्यांसाठी, आणि स्वतःसाठीही. भरतीचं पाणी दांड्यावर समोरून चढत नाही. आधी मागच्या घळीतून शिरतं. समोर कोरडी वाळू दिसत असते आणि परतीची वाट कमरेएवढी झालेली असते. भरतीच्या दोन तास आधी जागा धरायची. पक्षी टप्प्याटप्प्याने येतात : आधी कुरव (गल) आणि सुरय (टर्न), मग व्हिम्ब्रेल आणि ग्रे प्लोव्हर, शेवटी चिखल्या आणि टिलवे, कारण छोट्यांना शेवटचा चिखल झाकेपर्यंत चरायचं असतं. पाणी पाच सेंटिमीटरच्या वर गेलं की टिलव्याचा कारभार थांबतो, व्हिम्ब्रेलचा चालू राहतो.

अभ्यासकांनी पक्ष्यांच्या पायांत घातलेल्या कड्यांकडे आणि रंगीत पताकांकडे लक्ष ठेवायची हीच वेळ. नोंद करताना : पाय उजवा की डावा (पक्ष्याचा, आपला नव्हे), पताका पायाच्या वरच्या भागात की खालच्या, दोन असतील तर वर कोणता रंग आणि खाली कोणता, त्यावरची अक्षरं. धूसर दिसलं तर धूसर लिहावं, अंदाजाने अक्षर भरू नये. खारट हवेने आणि उन्हाने रंग विटतात. नारिंगी पिवळा दिसतो, हिरवा निळा. फोटोसह माहिती बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवली की कडं कुठे घातलं ते समजू शकतं. आपला किनारा मध्य आशियाई उड्डाणमार्गात येतो; तीस देशांवरून जाणारा हा मार्ग, आणि पक्ष्याने मधे कुठे मुक्काम केला हे कळायला अशा नोंदींचा मोठा आधार.

हर्णैच्या बंदरात दुपार-संध्याकाळची लिलावाची धांदल, वर कुरवांचा कल्ला. तपकिरी डोक्याचा कुरव, मोठा पलास गल, गडद पाठीचा ह्यूग्लिन्स. बंदरातले कुरव मासळीच्या टाकाऊवर पोसतात, त्यांची चिंता वेगळी आणि कमी. दाभोळ-धोपावे जेटी करून गुहागर गाठायचं.

चौथा दिवस, त्रयोदशी : गुहागर ते रत्नागिरी

आजचा दिवस प्रवासाचा. गुहागरची पुळण सकाळी एकदा चालावी : सँडरलिंग आणि केंटिश चिखल्या. मग तवसाळ-जयगड जेटी, मालगुंड, आरे-वारे. ओहोटीच्या वेळी भाट्ये गाठलं तर काजळीच्या मुखात चरणारे पक्षी दिसतात, उद्याच्या भरतीला ते कुठे बसतील याचा अंदाज येतो.

संध्याकाळी स्कोप पुसायचं काम चुकवू नये. आधी हवेने वाळू उडवायची, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं, शेवटी कोरडं. कोरड्याने आधी पुसलं की मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्यात बुचकळायचे, नाहीतर महिन्याभरात सांधे धरतात.

पाचवा दिवस, चतुर्दशी : भाट्ये, मिऱ्या

तिथीचा हिशेब साडेदहा म्हणतो, इथे भरती त्याच्या आधी येते. आठला जागेवर हवं. चतुर्दशीचं पाणी उधाणाकडे झुकलेलं, पुळण आक्षीच्या मानाने खूपच अरुंद उरते. इथेच दशमी आणि चतुर्दशीतला फरक कळतो : तीच पुळण, भांगात बैठक म्हणून चालते, उधाणात चालत नाही. म्हणून एखाद्या गावात एकदाच जाऊन 'इथे पक्षी नाहीत' असं लिहू नये. उधाणाला ते खाडीत आत, जुन्या मिठागरात, खाजणात, कोळंबीच्या रिकाम्या तळ्यात जातात. त्या जागाही मोजणीत धराव्या लागतात.

मिऱ्याच्या बाजूला गेल्यावर दगडी धूपप्रतिबंधक बंधारा दिसतो. वस्तीला त्याची गरज आहे, त्यावर वाद नाही. पण लाट वाळूच्या उतारावर चढून दमते, तर भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. काही हंगामांत भिंतीपुढची पुळण खचते आणि भरतीला कोरडी वाळूच शिल्लक राहत नाही. समुद्र चढला की नैसर्गिक किनारा मागे सरकतो; मागे भिंत, रस्ता किंवा बन असेल तर सरकायला जागा नाही आणि पुढून पाणी येतच राहतं. मधली पट्टी आकसत जाते. ती पट्टी म्हणजेच बैठक.

कायद्यात काय आहे, तेही बघावं. २०१९च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत कांदळवनं, वाळूच्या टेकड्या, जिवंत चिखलपट्टे, कासवांच्या आणि पक्ष्यांच्या विणीच्या जागा यांना अतिसंवेदनशील गटात धरलं आहे. आपले बहुतेक किनारपक्षी विणीला इथे थांबत नाहीत आणि भरतीच्या बैठकीचा त्या यादीत वेगळा उल्लेख नाही. मिठागरं २०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून वगळलेली. म्हणजे पक्षी जिथे चरतो त्या जागेला नाव आहे, जिथे बसतो तिला नाही. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत ही जागा नकाशा, तिथी आणि वेळेसह लिहून घेणं, हा त्यातल्या त्यात हाताशी असलेला उपाय.

दुपारनंतर मालवणकडे.

सहावा दिवस, पौर्णिमा : तळाशील आणि देवबाग

तोंडवळी-तळाशील हा गड नदीची खाडी आणि समुद्र यांच्या मधला वाळूचा चिंचोळा पट्टा; देवबाग हा कर्ली आणि समुद्र यांच्या मधला. दोन्हीकडे एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे माड आणि घरं. ऑक्टोबर २०१९मध्ये क्यार वादळ समुद्रातून दुरून गेलं तरी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला त्याच्या लाटांनी झोडपलं. मे २०२१मध्ये तौक्ते किनाऱ्याला लागून वर गेलं. अशा वादळाने वाळू एकीकडून उचलली जाते, दुसरीकडे टाकली जाते. नव्या टाकलेल्या उघड्या वाळूवर सुरय आणि चिखल्या लगेच बसतात. झाडोरा नसतो, नजर मोकळी. त्यांना जागा बदलण्याची सवय आहे. अडचण येते ती नव्या वाळूवर माणूसही लगेच पोचतो तेव्हा.

कर्लीच्या मुखाशी सुनामी बेट म्हणून ओळखला जाणारा वाळूचा उंचवटा याचं चांगलं उदाहरण. पर्यटकांच्या बोटी, पाण्यातले खेळ, खाण्याच्या टपऱ्या. पुनवेच्या उधाणात इथे उरते ती थोडीशी वाळू आणि तीही दुपारपर्यंत माणसांनी भरते. इथे भरती सव्वाअकराच्या बरीच आधी. म्हणून आठ-साडेआठपर्यंत, बोटींचा दिवस सुरू व्हायच्या आत काठावरून मोजणी उरकायची.

'पर्यटन बंद करा' म्हणून इथे काही साधत नाही, आणि ते न्याय्यही नाही. मासळी घटल्यावर कित्येक घरं त्यावर चालतात. बोटवाल्यांशी बोलताना तिथीच उपयोगी पडते. वर्षभर काही नको; नोव्हेंबर ते एप्रिल, उधाणाचे चार-पाच दिवस, भरतीच्या आधीचा दीड आणि नंतरचा एक तास, दांड्याचं एक टोक सोडा. दोनशे मीटर दोरी, चार बांबू. बोट वळवायची जागा थोडी अलीकडे घ्या. कुत्र्यांना तिकडे खाणं टाकू नका. पाटीवर 'प्रवेश बंद'पेक्षा 'भरती उतरेपर्यंत' लिहिलेलं लोक जास्त पाळतात, कारण थांबायचं किती ते कळतं. पर्यटकाला काठावरून स्कोपमधून दाखवणारा कोणी असेल तर आणखी बरं.

खाडीतला वाळूउपसाही याच हिशेबात धरावा. मुखाशी येणारी वाळू वरूनच येते. उपसा वाढला की दांड्याला पुरवठा कमी पडतो आणि तो लाटांपुढे टिकत नाही.

एप्रिलअखेरीपर्यंत बहुतेक थवे निघून जातात. तरी मे महिन्यात या दांड्यांवर फिकट रंगाचे चिखल्या, व्हिम्ब्रेल, ग्रे प्लोव्हर दिसतात. ते आजारी नसतात की मागे चुकलेले नसतात. बरेचसे पहिल्या वर्षाचे, अजून विणीच्या वयात न आलेले, म्हणून उन्हाळा इथेच काढणारे. सुट्टीची सगळ्यात मोठी गर्दी नेमकी त्याच महिन्यात. मेअखेरीला बोटी वर ओढल्या जातात, पावसाळ्यात किनारा रिकामा होतो, आणि जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला विणीहून परतणारे पहिले प्रौढ उतरू लागतात, छातीवर उन्हाळी रंगाचे उरलेसुरले डाग घेऊन. त्या वर्षीची पिल्लं त्यांच्या मागून, एकटी, वाट कोणी न दाखवता येतात; सप्टेंबरच्या मोजणीत प्रौढ आणि पिल्लं वेगळी लिहिली तर त्या साली उत्तरेत वीण कशी झाली याचा अंदाज बांधता येतो. पिल्लाच्या पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार असते, नवीकोरी. प्रौढाची पिसं झिजलेली.